बुडबुडा थांबेना

७ डिसेंबर १९४४. जपानच्या शिझुओका प्रांतातल्या काकेगावा गावाजवळ लष्कराच्या भूमापन खात्याची एक तुकडी लेव्हलिंग करत होती. काम तसे रुक्ष. तिपाईवर दुर्बीण बसवायची, तिच्या नळीतला हवेचा बुडबुडा मधोमध आणायचा, मागच्या आणि पुढच्या पट्टीवरचे आकडे वाचून वहीत उतरवायचे, तिपाई उचलायची, पुढे जायचे. टप्पा संपला की त्याच वाटेने मोजत परत. जातानाचा आणि येतानाचा उंचीतला फरक सारखा निघाला तर मोजणी पास, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. आदल्या दिवसापासून हा हिशेब जुळत नव्हता. घोळ काही मिलिमीटरांचाच होता, पण मुरलेल्या मोजणीदारांच्या हातून एवढाही होत नसतो. त्या दिवशी दुपारी तर बुडबुडाच ठरेना. मधोमध आणावा, की थोड्या वेळाने तो सरकलेला.

१ वाजून ३५ मिनिटांनी जमीन हादरली. तोनानकाई भूकंप, तीव्रता ७.९, मृत सुमारे १,२००. महायुद्ध ऐन भरात होते. विमानांचे कारखाने कोसळल्याची बातमी शत्रूला कळू नये म्हणून सरकारने ती दडपली आणि वर्तमानपत्रांत भूकंपाला कोपऱ्यातल्या चार ओळी मिळाल्या.

ती तुकडी तिथे होती हा निव्वळ योगायोग नव्हता. इमामुरा आकित्सुने या भूकंपशास्त्रज्ञाच्या आग्रहावरून ती मोजणी चालू होती. इमामुरांनी १९०५ साली टोकियोवर मोठ्या भूकंपाचे संकट असल्याचे लिहिले, तेव्हा त्यांच्याच विभागाचे प्रमुख ओमोरी यांनी त्यांना लोकांत घबराट पसरवणारा माणूस ठरवले होते. १ सप्टेंबर १९२३ रोजी टोकियो-योकोहामा जळून खाक झाले आणि इमामुरा खरे ठरले. त्यानंतर त्यांची नजर दक्षिण किनाऱ्यावर होती. तिथे दर शंभर-दीडशे वर्षांनी मोठा भूकंप येतो, त्याआधी किनारा हळूहळू वाकत असला पाहिजे, आणि वाकत असेल तर तो मोजता आला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. उपग्रहांच्या मदतीने भूकंपाचा माग काढण्याची आजची सगळी खटपट याच एका वाक्यावर उभी आहे. उपग्रह मागाहून आले. कल्पना मोजणीदारांची.

मोजणीदाराच्या धंद्यात एक जुनी खोड आहे. आकडा जुळला नाही की तो आधी स्वतःवर संशय घेतो, मग यंत्रावर, मग पट्टी धरणाऱ्या पोऱ्यावर. जमिनीवर संशय घ्यायचा असतो हे त्याला कुणी शिकवलेले नसते. खूण हलत नाही यावरच तर सगळा धंदा चालतो. सुमात्रा बेटावर म्यूलर नावाच्या डच अधिकाऱ्यावर मात्र ती वेळ आली. तापानुली भागात त्याचे त्रिकोणी मापन चालू असतानाच १७ मे १८९२ रोजी भूकंप झाला. काम पुन्हा हाती घेतले तेव्हा खांबा-खांबांमधले कोन आधीच्या वहीशी जुळेनात. पुन्हा मोजले तरी तेच. खांबच जागचे हलले होते. म्यूलरने ते तसे लिहून ठेवले. भूकंपात जमीन आडवी किती सरकते याचा मोजणीने दिलेला हा सुरुवातीच्या पुराव्यांपैकी एक.

पाच वर्षांनी पाळी हिंदुस्थानची. विल्यम लॅम्बटनने १८०२ साली मद्रासजवळच्या सेंट थॉमस माउंटपाशी पहिली आधाररेषा मोजली आणि पुढच्या पाऊणशे वर्षांत सर्व्हे ऑफ इंडियाने साऱ्या देशावर त्रिकोणांचे जाळे विणले. आसामच्या टेकड्यांवरच्या खुणा त्याच जाळ्यातल्या. १२ जून १८९७ रोजी शिलाँगच्या पठाराला असा हादरा बसला की दगडी इमारती भुईसपाट झाल्या आणि काही ठिकाणी मोठमोठे धोंडे मातीतल्या आपल्या खोबणीतून उडून बाहेर पडले. भूशास्त्रज्ञ रिचर्ड ओल्डहॅमने त्यावर जो अहवाल लिहिला तो आजही वाचला जातो. सर्व्हेच्या माणसांनी त्याच हिवाळ्यात खुणा पुन्हा मोजल्या. अंतरे वाढली होती, उंच्या बदलल्या होत्या, पण याचा अर्थ काय लावायचा ते कुणाला उमगेना. ते आकडे शंभर वर्षे कागदांत पडून राहिले. रॉजर बिल्हॅम आणि फिलिप इंग्लंड या भूशास्त्रज्ञांनी ते उकरून काढले आणि २००१ साली दाखवून दिले, की पठाराची उत्तरेकडची कड त्या दिवशी निदान ११ मीटर वर उचलली गेली होती. डोंगर चार मजली इमारतीएवढा वर आला, तोही काही सेकंदांत. तो ज्या भेगेवर आला तिला त्यांनी ओल्डहॅमचे नाव दिले. ज्याने मेहनतीने मोजले त्याला कळले नाही, ज्याला कळले त्याने कधी ती दुर्बीण उचलली नव्हती. सरकारी दप्तर सांभाळून ठेवावे ते यासाठी.

उलगडा झाला तो कॅलिफोर्नियात. १८ एप्रिल १९०६ च्या पहाटे सॅन फ्रान्सिस्को हादरले आणि सॅन अँड्रियास भेगेवर पावणेपाचशे किलोमीटर लांबीची जमीन फाटली. गावोगावची कुंपणे तुटून तुकडे एकमेकांपासून अडीच-तीन मीटर बाजूला झाले, एका ठिकाणी रस्ता सहा मीटर सरकला. हॅरी फील्डिंग रीड या शास्त्रज्ञाच्या हाती तीन वेळच्या मोजण्या होत्या: १८५१ ते १८६५, १८७४ ते १८९२ आणि भूकंपानंतरची. भूकंपात जमीन सरकली हे उघडच होते. रीडला पहिल्या दोन वह्यांत वेगळेच दिसले. भेगेपासून लांब असलेल्या दोन्हीकडच्या खुणा भूकंपाच्या आधीच्या ५० वर्षांत एकमेकींपासून सुमारे ३ मीटर सरकत गेल्या होत्या. भेगेजवळची जमीन मात्र अडकून बसली होती. कोवळी फांदी दोन्ही हातांनी वाकवत न्यावी तशी ती वाकत गेली, आणि १९०६ ला कडकन सुटली.

रीडने १९१० साली हा सिद्धांत मांडला आणि सोबत एक सूचना केली. भेगेला काटकोनात खांबांची रांग उभारा, दर काही वर्षांनी मोजत राहा. मागच्या वेळी जेवढा ताण सुटला तेवढा पुन्हा साचला, की पुढचा भूकंप जवळ आला असे समजा.

सावकारी हिशेब हा. दर साल एवढी रक्कम चढते, मागची वसुली एवढ्यावर झाली, तर पुढची केव्हा? फक्त भूकंपाच्या वहीत वसुलीची तारीख कुठेच लिहिलेली नसते. पुढची शंभर वर्षे हुशार माणसे इथेच फसत आली.

जपानमध्ये काकेगावाचा बुडबुडा विस्मृतीत जाणार होता. पण १९७६ साली टोकियो विद्यापीठातल्या इशिबाशी कात्सुहिको या तरुण संशोधकाने सांगितले, की १९४४ ला सुरुगा आखाताजवळचा तुकडा फाटायचा राहून गेला आहे, आणि त्याच्या डोक्यावर टोकियो-ओसाका रेल्वे आहे. देश धास्तावला. भूकंपशास्त्रज्ञ मोगी कियोओ यांनी १९४४ च्या वह्या बारकाईने तपासल्या आणि न जुळलेले ते मिलिमीटर म्हणजे भूकंपाच्या आधी जमीन कलत असल्याची खूण आहे असा निष्कर्ष काढला. जमीन आधी इशारा देते, तर तो टिपायला माणसे बसवा. जून १९७८ मध्ये कायदाच झाला. शिझुओकाभर जमिनीत यंत्रे पुरली गेली. त्यांनी काही वेगळे दाखवले की सहा प्राध्यापकांची समिती गाडीने हवामान खात्यात आणायची, तिने कौल द्यायचा, मग पंतप्रधानांनी इशारा जाहीर करायचा. आगगाड्या थांबणार, बँका आणि शाळा बंद. सहा माणसांच्या खिशात पेजर असायचे. एका दुपारच्या काही मिलिमीटरांवर उभा राहिलेला दुसरा कायदा जगात शोधून सापडायचा नाही.

त्याच वर्षी फेब्रुवारीत अमेरिकेने जीपीएसचा पहिला उपग्रह सोडला होता. हेतू लष्करी: पाणबुड्या, विमाने, क्षेपणास्त्रे. भूकंपाचे नावही त्यात नव्हते.

मोबाइलमधले जीपीएस आपल्याला चार-पाच मीटर इकडेतिकडे दाखवते, रिक्षावाला गल्लीच्या भलत्या तोंडाशी उभा राहतो. असल्या यंत्राने मिलिमीटर मोजता कसे येतात? उपग्रह २०,२०० किलोमीटर उंचीवरून अणुघड्याळाची वेळ सांगत असतो. ती वेळ आणि ती ऐकू आल्याची वेळ यांतल्या फरकावरून अंतर निघते. प्रकाश एका सेकंदाच्या अब्जाव्या भागात ३० सेंटीमीटर जातो, म्हणून नुसत्या वेळेवर विसंबले तर चूक मीटरांत होते. मोजणीवाल्यांनी वेळेचा निरोप बाजूला ठेवला आणि तो निरोप वाहून आणणारी रेडिओ लाटच मोजायला घेतली. ती लाट १९ सेंटीमीटर लांब असते. शिंप्याने मीटरपट्टी सोडून कापडाचे धागे मोजावेत तसे हे. लाटेचा शंभरावा हिस्सा ओळखता आला की मिलिमीटर हातात. बाकीचा वेळ अडथळे वजा करण्यात जातो. वातावरणाच्या वरच्या थरातले विद्युतभारित कण लाटेचा वेग बदलतात, खालची वाफ तिला रेंगाळवते. जमीनही ऋतुमानाने हलते: पावसाळ्यात गंगेच्या मैदानावर साचलेल्या पाण्याच्या भाराने हिमालयातली ठाणी काही मिलिमीटर सरकतात आणि हिवाळ्यात परत येतात.

आणि एक मोठी सोय. कोन मोजणाऱ्या थिओडोलाइटला समोरची खूण दिसावी लागते, म्हणून जुने मोजणीदार डोंगरमाथे चढत, धुके हटण्याची आठवडेच्या आठवडे वाट पाहत. जीपीएसला वरचे आकाश मोकळे असले की झाले. मध्ये आख्खा हिमालय असला तरी हरकत नाही.

तो खरोखरच मध्ये होता. १९९१ साली बिल्हॅम आणि त्यांचे सहकारी नेपाळमध्ये खडकांत खिळे ठोकून त्यांवर अँटेना उभारू लागले. काही वर्षांनी तेच खिळे पुन्हा मोजले. १९९७ मध्ये क्रिस्टीन लार्सन आणि जेफ्री फ्रायम्युलर यांच्यासह त्यांनी आकडा छापला: दक्षिण तिबेट आणि भारत एकमेकांजवळ वर्षाला सुमारे २ सेंटीमीटर येत आहेत. या जवळ येण्याचा ताण उंच हिमालयाच्या पायाशी एका पट्ट्यात साचतो आणि त्याच्या दक्षिणेला, काठमांडूच्या खाली, जमीन अडकलेली आहे. माणसाचे नख वर्षाला या २ सेंटीमीटरपेक्षा जास्त वाढते. पण शंभर वर्षांत त्या सेंटीमीटरांचे २ मीटर होतात, आणि २०१५ पर्यंत १९३४ च्या बिहार-नेपाळ भूकंपाला ऐंशी वर्षे उलटून गेली होती.

२५ एप्रिल २०१५, शनिवार, दुपारी १२ ला चार मिनिटे कमी. गोरखा जिल्ह्यात सुरू झालेली फाट पूर्वेकडे पळत काठमांडूच्या खालून गेली. तीव्रता ७.८, मृत सुमारे ९,०००. सेकंदाला पाच वेळा मोजणाऱ्या जीपीएस ठाण्यांनी राजधानीचा सगळा प्रवास नोंदवला: जवळजवळ २ मीटर दक्षिणेला, सुमारे १ मीटर वर. वर्षानुवर्षे वहीत चढलेली रक्कम काही सेकंदांत चुकती झाली, तीही पूर्ण नव्हे. भेगेचा दक्षिणेकडचा, तराईकडचा भाग फाटलाच नाही, आणि पश्चिम नेपाळचे खाते १५०५ पासून चढतेच आहे. कुठे आणि किती, हे शास्त्रज्ञांनी १८ वर्षे आधी लिहून ठेवले होते. शनिवारी, सुट्टीच्या दिवशी, शाळा रिकाम्या असताना तो आला, हे मात्र नशीब.

तारखेच्या मागे लागून सगळ्यात सपाटून मार खाल्ला तो पार्कफील्डने. कॅलिफोर्नियातले हे गाव इनमिन वीस माणसांचे. सॅन अँड्रियास भेग गावच्या पुलाखालून जाते, त्यामुळे पूल वाकडा झालेला. इथे १८५७, १८८१, १९०१, १९२२, १९३४ आणि १९६६ ला जवळपास सारख्या ताकदीचे भूकंप झाले होते. सरासरी २२ वर्षे. अमेरिकेच्या भूविज्ञान खात्याने १९८५ साली अधिकृत भाकीत केले, की पुढचा १९९३ च्या आत येईल, खात्री ९५ टक्के. मग माळरानावर यंत्रांचा बाजार भरला. लेझर, ताण मोजणारी यंत्रे, विहिरींतल्या पाण्याचे मोजमाप, पुढे जीपीएस. गावच्या खानावळीने पाहुण्यांना ‘होईल तेव्हा इथेच असा’ असे आमंत्रण देणारी पाटी लावली. १९९३ आले आणि गेले. २००४ च्या २८ सप्टेंबरला, ११ वर्षे उशिरा, ६ तीव्रतेचा भूकंप आला. सगळी यंत्रे चालू होती. पाहणाऱ्यांनी नंतर आधीचे दिवस, तास, मिनिटे चाळून काढली. काही नाही. जमिनीने चकार शब्द काढला नव्हता. जगातल्या सगळ्यात बारीक नजर ठेवलेल्या भेगेची ही गोष्ट आहे, हे लक्षात ठेवले म्हणजे ‘अमुक देशाच्या शास्त्रज्ञांनी भूकंप आधी ओळखला’ असल्या बातम्यांचे काय करायचे ते आपोआप कळते.

तरी जीपीएसने असे काही दाखवले जे रीडच्या स्वप्नातही नव्हते. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, व्हँकुव्हरच्या आसपास, हर्ब ड्रॅगर्ट यांना १९९९ च्या उन्हाळ्यात सात ठाणी काही आठवडे उलट दिशेला चालताना दिसली. आधी अर्थातच यंत्रावर संशय, धंद्याची जुनी खोड. पण यंत्रे ठीक होती. खोलवर भेग सरकत होती, तीही बिनआवाजाची, कुणाला धक्का न देता. मागच्या नोंदी तपासल्यावर कळले की दर १४ महिन्यांनी हे होते. भूकंप न होता भूकंपाएवढी हालचाल! त्या दिवसापासून काकेगावाच्या बुडबुड्याकडेही लोक नव्या नजरेने पाहू लागले. मोठ्या भूकंपाच्या आधी असेच काही हळू सरकत असेल तर? १ एप्रिल २०१४ च्या चिलीतल्या इकिकेच्या भूकंपाआधी किनाऱ्यावरची ठाणी समुद्राकडे किंचित सरकलेली सापडली. इतर अनेक ठिकाणी काहीच सापडले नाही. आणि व्हँकुव्हरकडची भेग तर दर १४ महिन्यांनी अशी सरकते, तरी १७०० सालापासून तिथे मोठा भूकंप झालेला नाही.

एक सरळ यश मात्र कोस्टा रिकाच्या पदरात आहे. तिथला निकोया द्वीपकल्प नेमका अडकलेल्या भेगेच्या डोक्यावर. मारिनो प्रोत्ती आणि त्यांच्या सोबत्यांनी तिथे जीपीएसची ठाणी उभारून नकाशा काढला: हा पट्टा अडकलेला, हा मोकळा, १९५० नंतरची बाकी एवढी. ५ सप्टेंबर २०१२ रोजी ७.६ तीव्रतेचा भूकंप झाला आणि फाट नकाशातल्या त्याच पट्ट्यावर पडली. प्राणहानी अगदी थोडी. दिवस आणि तास कुणी सांगितला नव्हता. पण तिथे भूकंप येणार हे ठाऊक होते आणि त्या देशात घरे बांधण्याचे नियम कडक होते.

जपानचा विषय राहिला. १७ जानेवारी १९९५ रोजी कोबेत ६,४०० हून जास्त माणसे मेली. सारा देश शिझुओकाकडे डोळे लावून बसला असताना भूकंप भलतीकडेच आला. त्यानंतर सरकारने देशभर जीपीएसची ठाणी पेरली. शाळेच्या मैदानात, बागेच्या कोपऱ्यात चकचकीत पोलादाचा ५ मीटर उंच खांब दिसला आणि वर पांढरा घुमट असला तर ते जिओनेटचे ठाणे. अशी जवळजवळ १,३०० आहेत. या ठाण्यांनी ईशान्य किनारा पश्चिमेला ढकलला जात असल्याचे दाखवलेही होते. पण तो किती मोठा हिशेब आहे हे कळेना, कारण सगळे खांब जमिनीवर आणि भेग समुद्राखाली. भिंतीला कान लावून शेजारचे भांडण ऐकण्यासारखे ते.

११ मार्च २०११, दुपारी २ वाजून ४६ मिनिटे. ओशिका द्वीपकल्पावरचे ठाणे ५.३ मीटर पूर्व-आग्नेयेला गेले आणि १.२ मीटर खचले. जपानी तटरक्षक दलाने समुद्रतळावर ठेवलेली एक खूण २४ मीटर सरकलेली मिळाली. ती मोजायची रीतही पाहण्यासारखी आहे. जहाज वरून आपली जागा उपग्रहांना विचारते आणि खालच्या खुणेला ध्वनिलहरी सोडून हाक मारते. दोन्ही उत्तरे जोडून तळाचा पत्ता लागतो. उपग्रहाची लाट पाण्यात शिरत नाही, म्हणून हा दोन टप्प्यांचा टपाल-कारभार.

त्या दिवशीची खरी हळहळ वेगळीच आहे. हवामान खात्याने हादऱ्यांवरून तीन मिनिटांत तीव्रता ७.९ ठरवली आणि इवातेच्या किनाऱ्याला ३ मीटरच्या लाटेचा इशारा दिला. ३ मीटर ऐकून बरेच लोक तटबंदीच्या भरवशावर राहिले. प्रत्यक्षात भूकंप ९ चा होता. हादरे मोजणारी यंत्रे एवढ्या मोठ्या भूकंपात गोंधळतात, एका मर्यादेपलीकडे त्यांचा आकडा चढत नाही. जमीन किती सरकली हे जीपीएसला मात्र थेट दिसते. नंतर केलेल्या गणितात असे आढळले, की जिओनेटच्या आकड्यांवरून पाच मिनिटांच्या आत ८.७ चा अंदाज काढता आला असता. लाट किनाऱ्याला लागायला त्याहून बराच अवधी होता. १५ हजारांवर माणसे गेली, बहुतेक पाण्यात. आता ते गणित तिथे आपोआप होते. उपग्रहांचा भूकंपातला सगळ्यात खणखणीत उपयोग कोणता, तर हा: भूकंप झाल्यावरची पहिली पाच मिनिटे.

टोकियोत ज्या बिंदूपासून देशाचे अक्षांश-रेखांश मोजतात तो दगडही सुमारे २७ सेंटीमीटर पूर्वेला गेला. सरकारला त्याचे आकडे कायद्यात बदलावे लागले. खूण हलत नाही, हे गृहीतक त्या दिवशी राजपत्रातून रद्द झाले म्हणायचे.

यानंतरही भाकिताची आस सुटलेली नाही. होक्काइदो विद्यापीठाच्या हेकी कोसुके यांनी जीपीएसच्या लाटांना वाटेत लागणारा उशीर तपासला आणि ११ मार्चच्या भूकंपाआधी ४० मिनिटे आकाशाच्या वरच्या थरात विद्युतभार वाढल्याचे जाहीर केले. जपानमध्येच त्यावर आक्षेप निघाले, वाद मिटलेला नाही. जुलै २०२३ मध्ये फ्रान्सच्या केंतँ ब्लेत्री आणि जाँ-मात्यू नोके यांनी ९० मोठ्या भूकंपांच्या आधीच्या तासांतल्या तीन हजारांवर जीपीएस नोंदी एकत्र रचल्या. बेरजेत दोन तास आधीपासून चढत जाणारी हालचाल दिसली. भूकंपशास्त्रात खळबळ उडाली. पण काही आठवड्यांतच काइल ब्रॅडली आणि ज्युडिथ हबर्ड यांनी तोच माल पुन्हा चाळला. आजूबाजूच्या सगळ्या ठाण्यांत एकाच वेळी येणारा उपग्रहांचा गोंगाट त्यांनी वजा केला, आणि चढण नाहीशी झाली. ब्लेत्री-नोके यांनी आपली नोंदवही खुली ठेवली होती म्हणूनच ही तपासणी इतक्या लवकर झाली. हरले, पण रीतीने हरले.

महाराष्ट्रात या विद्येचा पाड कितपत लागतो? फारसा नाही, आणि हे स्पष्ट सांगितलेले बरे. बंगळुरू, हैदराबाद, दिल्ली अशा ठाण्यांच्या नोंदींवर विनोद गौर, बिल्हॅम आणि इतरांनी काम केले, तेव्हा दिसले की भारताचा हा जुना खडकाळ गाभा जवळजवळ एकसंध सरकतो. आतल्या आत होणारे आकुंचन वर्षाला एखाद-दोन मिलिमीटर, म्हणजे मोजणीच्या चुकीत हरवून जाण्याएवढे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणपती बोळवून लोक नुकते निजले असताना किल्लारीखालची जमीन फाटली. त्या आधी तिथे शंभर खांब रोवले असते तरी त्यांनी काही सांगितले नसते. ताण इतका सावकाश चढलेला, की त्याची वही लिहायला हजारो वर्षे लागतील. माणसे मेली ती दगड-मातीच्या जाड भिंतींखाली आणि माळवदाच्या ओझ्याखाली. कोयनेची गोष्ट निराळी. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे तिथे मोठा भूकंप झाला. तिथले धक्के धरणातल्या पाण्याच्या चढउताराशी बांधलेले आहेत, म्हणून तिथे शास्त्रज्ञांनी आकाशापेक्षा पाताळाची वाट धरली. कराडजवळच्या संशोधन केंद्राने गोठणे इथे ३ किलोमीटर खोल भोक पाडले ते त्यासाठी. गावोगावी आता बांधाची मोजणी रोव्हरने, म्हणजे जीपीएसच्या फिरत्या यंत्राने होते, त्यामागे सर्व्हे ऑफ इंडियाची कायमची ठाणी आहेत. नेपाळचा आणि ओशिकाचा खांब ज्या जातीचा, त्याच जातीची. भावाभावांतला वितभर जमिनीचा वाद त्यांच्या आवाक्यात आहे, किल्लारीचा ताण नाही.

काकेगावाच्या कायद्याचे काय झाले? सप्टेंबर २०१७ मध्ये सरकारच्या तज्ज्ञांनी लेखी सांगितले, की भूकंपाचा दिवस खात्रीने सांगता येत नाही. नोव्हेंबरपासून पंतप्रधानांच्या इशाऱ्याची व्यवस्था गुंडाळण्यात आली. तिच्या जागी नरम भाषेची सूचना आली: शक्यता नेहमीपेक्षा वाढली आहे, तयारी तपासा. तिचा पहिला वापर ८ ऑगस्ट २०२४ ला झाला. क्युशूच्या किनाऱ्याजवळ ७.१ चा भूकंप झाला आणि सगळ्या दक्षिण किनाऱ्याला आठवडाभर सावध राहायला सांगितले गेले. पंतप्रधान किशिदा यांनी मध्य आशियाचा दौरा रद्द केला, बुलेट ट्रेन काही टप्प्यांत मंदावल्या, ऐन सुट्टीत समुद्रकिनारे ओस पडले. १५ ऑगस्टला संध्याकाळी ५ वाजता सूचना मागे घेण्यात आली. काही झाले नाही.

काकेगावापासून ओमाएझाकीच्या भूशिरापर्यंतची लेव्हलिंगची रेघ अजून चालू आहे. उपग्रह डोक्यावर असूनही माणसे तिपाई घेऊन जातात, बुडबुडा मधोमध आणतात, आकडे लिहितात. काकेगावाच्या मानाने ओमाएझाकी दर वर्षी सुमारे ५ मिलिमीटर खचते आहे.